जोडी जमवताना

फिल्म क्लबमध्ये दोन चित्रपट जोडीनं दाखवले की पहिल्या पाच मिनिटांतच कुणीतरी म्हणतं, ‘मूळचाच बरा होता.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘मला नवा आवडला.’ मग दोन तट पडतात, चहा येतो आणि चर्चा आटोपते. सगळ्यांनी आपले चार-पाच तास काढून दोन चित्रपट पाहायचे आणि शेवटी फक्त निकाल लावून उठायचं, हे फार नुकसानीचं आहे. जोडीनं चित्रपट पाहण्याचं सारं सुख एका वेगळ्या प्रश्नात आहे. दुसऱ्या दिग्दर्शकानं काय बदललं, आणि ते त्याला का बदलावं लागलं? हा प्रश्न मंडळानं नीट धरून ठेवला, तर साधा रिमेकसुद्धा आपल्याला पटकथा, अभिनय, शहर, जात, पैसा यांबद्दल इतकं काही शिकवतो की एक संध्याकाळ अपुरी पडावी.

तुमचं मंडळ सोसायटीच्या सभागृहात भरत असेल, वाचनालयात असेल किंवा कॉलेजच्या वर्गात, सुरुवात अशा जोडीनं करा, जिच्यातला एक चित्रपट सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मराठी प्रेक्षकांसाठी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यापेक्षा चांगला असा चित्रपट मला सुचत नाही. संवाद तोंडपाठ आहेत, त्यामुळे कथा समजून घेण्यात कुणाचं लक्ष अडकत नाही. सचिन पिळगांवकरांचा हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून घेतलेला आहे. त्याच्या जोडीला बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) लावा. पुरुषांनी बायकांचा वेष घेणं हा तिन्ही चित्रपटांतला समान धागा आहे. आता सभासदांना एवढंच विचारा, की यांनी वेष का घेतला?

वाइल्डरच्या चित्रपटात काळ १९२९चा आणि शहर शिकागो. दोन वादकांनी टोळीवाल्यांना खून करताना पाहिलेलं आहे, पकडले गेले तर जीव जाईल, म्हणून ते बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात आणि फ्लोरिडा गाठतात. आपल्याकडे धनंजय माने आणि मंडळींच्या मागे कुणी बंदूक घेऊन लागलेलं नाही. त्यांना पुण्यात खोली हवी आहे, आणि घरमालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देते. म्हणून परशाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. अमेरिकेत जीव वाचवायला जे करावं लागलं, ते आपल्याकडे भाड्याची खोली मिळवायला करावं लागतं, आणि प्रेक्षकाला ते पूर्णपणे पटतं! या एका बदलातून पुढचं सगळं बदलत जातं. तिकडे धोका बाहेरून येतो, इकडे तो घरातच, मालकिणीच्या आणि शेजारच्यांच्या नजरेत असतो. तिकडे पळण्याचा वेग आहे, इकडे एकाच घरात खोटं सांभाळण्याची कसरत. शेवटही पाहा. आपला चित्रपट सगळं उघडं करून, सगळ्यांची लग्नं जुळवून मोकळा होतो. वाइल्डर मात्र एक प्रश्न न सोडवताच हसत निघून जातो. ‘आपल्या प्रेक्षकाला गाठ सोडवलेली का लागते?’ एवढ्या एका मुद्द्यावर अर्धा तास उत्तम चर्चा होते.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे. ‘मूळ’ या शब्दाचा धाक कमी होतो. वाइल्डरचा चित्रपट स्वतः एका जर्मन चित्रपटावरून (१९५१) सुचलेला होता, आणि तो जर्मन चित्रपट एका फ्रेंच चित्रपटावरून (१९३५). म्हणजे ज्याला आपण मूळ समजून मान देतो, तोही कुणाचा तरी तिसरा अवतार असू शकतो. हे सभासदांना आधी सांगू नका. चर्चा ‘नक्कल’ या शब्दाकडे वळली की सांगा.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. अपरिचित चित्रपट आधी आणि ओळखीचा नंतर. ‘बनवाबनवी’ आधी लावला तर वाइल्डर पाहताना लोक फक्त साम्यं मोजत बसतात. उलट क्रमानं गेलं, तर शंभर वेळा पाहिलेला मराठी चित्रपट अचानक नव्यानं दिसू लागतो. अमुक दृश्य इथं का आहे, हे गाणं याच जागी का आलं, हे प्रश्न तेव्हाच पडतात. काही मंडळं निर्मितीच्या वर्षांप्रमाणे क्रम लावतात. इतिहासाच्या अभ्यासवर्गाला ते ठीक आहे, हौशी मंडळाला नाही.

दुसरी जोडी गंभीर घ्या. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘द ब्लू एंजल’ (१९३०) आणि व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ (१९७२). सभ्य, कडक शिस्तीचा शिक्षक एका नाचणाऱ्या बाईच्या नादी लागून उद्ध्वस्त होतो, ही गोष्ट हाइनरिख मानच्या १९०५ सालच्या कादंबरीतून जर्मन पडद्यावर आली आणि तिथून पुढे आपल्या तमाशाच्या फडात. तिकडे एमिल यानिंग्स आणि मार्लेने डिट्रिश, इकडे डॉ. श्रीराम लागू आणि संध्या. ‘पिंजरा’चे संवाद शंकर पाटलांचे आहेत, हे ऐकताना ध्यानात ठेवा. जर्मन गोष्ट मराठी मातीत इतकी सहज रुजली याचं निम्मं श्रेय त्या भाषेला द्यावं लागेल.

इथं लक्ष शेवटावर ठेवायचं. जर्मन प्राध्यापक विदूषक होऊन आपल्याच गावच्या रंगमंचावर उभा राहतो, गावासमोर त्याची विटंबना होते, आणि तो रात्री शाळेत जाऊन आपल्या टेबलाला घट्ट धरून मरतो. ती एका माणसाच्या अपमानाची गोष्ट आहे, गाव फक्त हसायला जमलेलं आहे. ‘पिंजरा’मध्ये गाव वेगळं काम करतं. गुरुजी मेले असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजींवर गुरुजींच्याच खुनाचा आरोप येतो. ते खरं बोलले तर सुटतील, पण मग गावाचं दैवत पडेल. ते गप्प राहतात आणि फासावर जातात. शांतारामांनी जर्मन चित्रपटातली शोकांतिका उचलली आणि तिच्यात एक संपूर्ण मराठी प्रश्न घातला, की आपण माणसाचा पुतळा केला की त्या माणसाचं काय होतं? मला हा बदल फार मोठा वाटतो, आणि ‘पिंजरा’ची आठवण केवळ गाण्यांसाठी काढणाऱ्यांनी ही जोडी आवर्जून पाहावी. तमाशाला पतनाचं ठिकाण म्हणून दाखवण्यावर आज आक्षेप घेणारे सभासदही भेटतील. त्यांना पुरेसा वेळ द्या, तो आक्षेप खरा आहे.

‘द ब्लू एंजल’ एकाच वेळी जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चित्रित झाला होता. आपल्या प्रभात कंपनीतही हीच पद्धत होती. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१). या जोड्या अख्ख्या दाखवू नका, लोक कंटाळतात. त्यातली निवडक दृश्यं पाठोपाठ लावा. ‘शेजारी’ची जोडी माझी सगळ्यात आवडती. एका गावातल्या हिंदू आणि मुसलमान म्हाताऱ्यांच्या मैत्रीची ही गोष्ट. मराठीत जिवबा केशवराव दात्यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे ‘पडोसी’मध्ये हिंदू नट मुसलमान झाला आहे आणि मुसलमान नट हिंदू. कथा तीच, पण १९४१ सालच्या भारतात पात्रनिवडीनंच केवढं विधान झालं! असे तपशील खेळाआधीच्या दोन मिनिटांच्या प्रास्ताविकात सांगावेत. प्रास्ताविक याहून लांबवू नये.

रिमेक नसलेल्या जोड्या जमवणं जास्त अवघड आणि जास्त आनंदाचं. इथं पत्रिका जुळवणाऱ्यासारखे सगळे गुण जुळलेच पाहिजेत असा हट्ट नको. एक गाठ पक्की असली आणि बाकी सगळं वेगळं असलं, तर जोडी बोलकी होते. विषय जितका नेमका, तितकी चर्चा चांगली. ‘कुटुंब’ हा विषय निरुपयोगी आहे. ‘म्हातारपणी आई-वडील मुलांकडे राहायला जातात’ हा विषय उत्तम आहे.

याच विषयावर तीन-चार महिने जातील इतकं साहित्य आहे. लिओ मॅककेरीच्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’मध्ये (१९३७) बँकेकडे घर गेल्यामुळे म्हाताऱ्या जोडप्याला वेगवेगळ्या मुलांकडे राहावं लागतं. यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) आई-वडील ओनोमिची गावाहून टोकियोला मुलांना भेटायला येतात, आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो. त्याच्या पुढच्याच वर्षी राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ (१९५४) आला. त्यातही एका शिक्षकाची आणि त्याच्या पत्नीची म्हातारपणी मुलांमध्ये वाटणी होते. आणि मग रवी चोप्रांचा ‘बागबान’ (२००३), जो बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलेला असतोच.

यातले कोणतेही दोन घ्या आणि विचारा, खलनायक कोण? ‘बागबान’मध्ये उत्तर सोपं आहे. चारही मुलगे वाईट, मानलेला मुलगा चांगला. ‘टोकियो स्टोरी’त उत्तर सापडतच नाही. मोठा मुलगा डॉक्टर आहे, त्याला ऐन वेळी रुग्णाकडे जावं लागतं. मुलगी केशकर्तनालय चालवते, तिला दुकान सोडता येत नाही. ती आई-वडिलांना स्वस्तातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, आतामीला पाठवते, आणि तिला तो चांगुलपणाच वाटतो. सगळ्यात माया करते ती युद्धात मेलेल्या मुलाची विधवा, म्हणजे जिला काही देणंघेणं नाही अशी सून. ओझू कुणावरही बोट ठेवत नाही, आणि म्हणूनच पाहणारा स्वतःकडे पाहू लागतो. ‘बागबान’ पाहताना आपण सगळे आई-वडिलांच्या बाजूचे असतो, तेव्हा आपल्याला काहीच टोचत नाही. ही दोन दिग्दर्शकांची दोन निवडलेली अंतरं आहेत. कॅमेरा कुठे ठेवलाय ते पाहायला सांगा. ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही. अशा ठिकाणी कुणावर ओरडणं शक्यच नाही, हे पाहणाऱ्यालाही जाणवतं.

आणखी एक प्रश्न पैशाचा. मॅककेरीच्या चित्रपटात बँक घर घेते, तो अमेरिकेतल्या महामंदीचा काळ आहे. ‘बागबान’मध्ये वडील पुस्तक लिहून पुन्हा पैसेवाले होतात आणि मग हिशेब चुकता होतो. म्हातारपणाचा प्रश्न पैशानं सुटतो, असं हिंदी चित्रपट मानतो का? या प्रश्नावर शांत बसणारे सभासदही बोलायला लागतात.

या विषयावर चर्चा घेताना सूत्रसंचालकाला जपून राहावं लागतं. सभासदांमध्ये म्हातारे आई-वडील असतात, परदेशी गेलेल्या मुलांचे पालक असतात, आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलेली मुलंही असतात. कुणाचा तरी गळा दाटून येणारच. त्या माणसाला बोलू द्या, मध्ये तोडू नका, पण सल्ले देणाऱ्यांना मात्र थांबवा. मग हळूच एखाद्या दृश्याकडे परत या: ‘तुम्ही म्हणालात तसंच ते स्टेशनवरचं दृश्य आहे, नाही का?’ मॅककेरीच्या चित्रपटाचा शेवट रेल्वे स्टेशनवर होतो, आणि तो आठवला की सगळे पुन्हा पडद्याकडे येतात.

एखादी वस्तू धरून दोन चित्रपटांत तिचा माग काढणं, हाही चांगला सराव आहे. डग्लस सर्कच्या ‘ऑल दॅट हेवन अलाउज’मध्ये (१९५५) विधवा आईनं माळ्याशी लग्न करू नये म्हणून अडवणारी मुलं नंतर तिला एकटेपणावर उपाय म्हणून टीव्ही भेट देतात. बंद पडद्याच्या काचेत तिचा चेहरा दिसतो. रायनर वेर्नर फासबिंडरच्या ‘अली: फिअर ईट्स द सोल’मध्ये (१९७४) हीच गोष्ट म्युनिकमध्ये घडते. साठीची साफसफाई करणारी बाई आणि तिच्याहून खूप तरुण मोरोक्कन कामगार. तिनं लग्नाची बातमी सांगितल्यावर तिचा मुलगा लाथ मारून टीव्ही फोडतो. एकाच वस्तूतून एका दिग्दर्शकानं सभ्य क्रूरपणा दाखवला, दुसऱ्यानं उघडा द्वेष. ही दोन दृश्यं लागोपाठ दाखवली तर रिमेक म्हणजे काय याचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

‘सैराट’ (२०१६) आणि ‘धडक’ (२०१८) ही जोडी प्रत्येक मंडळात कुणी ना कुणी सुचवतंच. घ्यावी, पण मंडळाला एकमेकांची सवय झाल्यावर. एकाच दिवशी दोन्ही दाखवू नका. ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा आहे आणि ‘धडक’ सव्वादोन तासांच्या वर. दोन आठवड्यांत विभागा. चर्चेत लगेच ‘धडक’ची खिल्ली सुरू होते. ती सूत्रसंचालकानं थोपवावी, कारण खिल्लीत खरा मुद्दा हरवतो. नागराज मंजुळेंच्या चित्रपटात जात प्रत्येक चौकटीत आहे. नायिका आर्चीच्या घराच्या प्रशस्त अंगणात, नायक परशाच्या घरच्या मासेमारीत, वर्गात शिक्षकालाही न जुमानणाऱ्या तिच्या भावाच्या मस्तीत. करमाळ्याकडची बोलीच सांगते कोण कुठला. ‘धडक’मध्ये हीच गोष्ट उदयपूरला गेली की हवेली येते, रंग येतात, वडिलांची निवडणूक येते, आणि जात पुसट होत जाते. का? हिंदी चित्रपटाला सगळ्या देशाचा प्रेक्षक हवा असतो म्हणून? कलाकारांच्या चेहऱ्यामोहऱ्यामुळे? की जातीचं नाव घेण्याचीच भीती? शेवटही बदललेला आहे, आणि कोण वाचतं, कोण पाहतं हे त्या बदलात फार महत्त्वाचं आहे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी मी इथं तो सांगत नाही. चर्चेत मात्र त्यावरच सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि ‘सैराट’मध्ये शेवटी आवाज काढून घेतलाय हे कुणी बोललं नाही, तर तुम्ही विचारा: तिथं काय ऐकू आलं?

लहान मंडळाला, एकाच संध्याकाळी दोन्ही चित्रपट बसवायचे असतील, तर सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) आणि बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) घ्या. दोन्ही एका खोलीत घडतात. ल्युमेटचा चित्रपट तर शंभर मिनिटांच्याही आत संपतो. बारा माणसं तिकडे कशी बसलीत आणि इकडे कशी, कुणाचा राग कशावर आहे, एवढं पाहिलं तरी पुरे. कुसुमाग्रजांच्या नाटकावरचा ‘नटसम्राट’ (२०१६) आणि अकिरा कुरोसावाचा ‘रान’ (१९८५) ही जोडीही सुंदर आहे. दोन्हींच्या मागे शेक्सपिअरचा किंग लिअर उभा आहे. पण तिला एक पूर्ण रविवार लागतो. ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) ही जोडी नाटकवाल्या सभासदांना सोपवा, ते प्रेमानं करतील.

आता खेळाच्या दिवसाबद्दल. दोन चित्रपटांमध्ये किमान चाळीस मिनिटांची सुट्टी ठेवा, आणि त्या सुट्टीत पहिल्या चित्रपटावर चर्चा करू नका. ती सुरू झाली की दुसरा चित्रपट पूर्वग्रहानं पाहिला जातो. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि एकच गोष्ट टिपायला सांगा: ‘दारं’, किंवा ‘जेवणाची दृश्यं’, किंवा ‘कुणाचं वाक्य अर्धवट तोडलं जातं’. सगळं टिपायला सांगितलं की कुणीच काही टिपत नाही. उपशीर्षकं आधी तपासून पाहा. ती मागे-पुढे धावत असतील तर विनोदी चित्रपटाचा पार चुराडा होतो. मागच्या रांगेतून अक्षरं वाचता येतात का, हे स्वतः तिथं बसून पाहा. चित्रपटाची चौकट ताणून पडदाभर करू नका. जुन्या चित्रपटांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर तीच त्यांची खरी चौकट आहे.

चर्चेचं पहिलं वाक्य कुणाचं, हे ठरवून ठेवा. जो सभासद सगळ्यात कमी बोलतो त्याला आधी बोलवा, आणि त्याला मत विचारू नका, दृश्य विचारा: ‘तुम्हाला कोणतं दृश्य दिसत राहिलं?’ अभ्यासू सभासद, ज्यांना दिग्दर्शकांची सगळी नावं पाठ आहेत, त्यांना पहिली वीस मिनिटं ऐकायला सांगा. त्यांचं ज्ञान नंतर फार उपयोगी पडतं, आधी मात्र ते इतरांना गप्प बसवतं.

हक्कांचा प्रश्न टाळू नका. घरच्या ओटीटीच्या वर्गणीवर सभागृहात खेळ लावता येतो, हा गैरसमज सर्रास आहे. ती वर्गणी खासगी पाहण्यासाठीच असते. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्याहून नवा चित्रपट असेल तर निर्मात्याला किंवा वितरकाला लेखी विचारा, आणि ते खेळाच्या आदल्या आठवड्यात नव्हे तर दोन महिने आधी. जर्मन चित्रपटांसाठी मॅक्सम्युलर भवन आणि फ्रेंच चित्रपटांसाठी अलियाँस फ्राँसेज यांच्याकडे चौकशी करावी. जुन्या भारतीय चित्रपटांसाठी पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते १९६४ पासून काम करतं आहे. मंडळ टिकणार असं वाटलं की फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न होण्याचा विचार करा. १९५९ साली ही संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. अशा जुन्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकदा बोलवा. त्यांना विचारा, की कुठली जोडी फसली आणि का.

पुढच्या महिन्याची जोडी सभासदांनीच सुचवावी. सुचवणाऱ्यानं दोन नावं लिहावीत आणि खाली एक ओळ, की या दोघांत नेमकं काय बदललंय ते आपण पाहणार आहोत. ती ओळ कुणाला लिहिता आली नाही, तर ती जोडी पुढच्या महिन्यावर ढकला आणि तोवर त्या सभासदानं दोन्ही चित्रपट पुन्हा पाहावेत.